गिटार वाजवता येते म्हणून शिक्षक होता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शब्बाथ शाळांना (चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गांना) शिक्षक मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत, यावर आपल्या पत्रस्तंभात काही दिवस चर्चा चालू आहे. अमेरिकेतील लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट) विद्यापीठांत कॉलेजच्या मुलामुलींना ‘ख्रिस्ती शिक्षण संचालक’ म्हणून तयार करतात, तसा अभ्यासक्रम आपल्याकडेही काढावा, अशी सूचना तिच्यात पुन्हा पुन्हा येते. सूचनेला आमची हरकत नाही. मात्र ती करणारे बहुतेक जण विषयांच्या यादीपाशीच थांबतात. तशी यादी कोणत्याही धर्मविद्यालयाच्या माहितीपत्रकातून उतरवून घेता येईल. माणूस घडतो तो यादी संपल्यानंतरच्या बारा महिन्यांत, आणि त्या बारा महिन्यांबद्दल कोणीच लिहिलेले नाही. म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी पदाविषयी. लुथरन चर्च–मिसुरी सिनड ही संस्था १८४७ मध्ये शिकागोत स्थापन झाली. जर्मनीहून आलेल्या या लोकांची रीत अशी की चर्च उभे राहिले की शेजारी शाळा काढायची. त्या शाळांना शिक्षक पुरवण्यासाठी १८६४ मध्ये इलिनॉयमधील ॲडिसनला शिक्षकांचे कॉलेज निघाले. ते १९१३ मध्ये रिव्हर फॉरेस्टला गेले आणि आज कॉन्कॉर्डिया युनिव्हर्सिटी शिकागो म्हणून ओळखले जाते. दुसरे १८९४ मध्ये नेब्रास्कातील सीवर्डला निघाले. शाळेचा शिक्षक आठवडाभर वर्ग घेई, रविवारी शब्बाथ शाळा पाही, तरुण संघ सांभाळी आणि वेळ पडली तर ऑर्गनवरही बसे. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत नव्या मंडळ्या (एकेका चर्चचे सभासद-समुदाय) वाढल्या, त्यांतल्या कित्येकींजवळ स्वतःची शाळा नव्हती. शाळा नाही म्हणजे शिक्षक नाही, आणि मुले तर समोर बसलेली. १९५९ च्या सॅन फ्रान्सिस्को अधिवेशनात सिनडने ‘डायरेक्टर ऑफ ख्रिश्चन एज्युकेशन’ या पदाला मान्यता दिली. तिकडे सगळे त्याला ‘डीसीई’ म्हणतात. आम्हीही तेच म्हणू.

डीसीई हा पाळक (पास्टर) नव्हे. प्रभुभोजन देणे, बाप्तिस्मा करणे, व्यासपीठाची जबाबदारी घेणे ही त्याची कामे नाहीत. पाळकाच्या बरोबरीने एका चमूत राहून, पाळण्यातल्या बाळाच्या आईबापांपासून ऐंशीच्या आजीपर्यंत सर्वांच्या शिक्षणाची आखणी, कारभार आणि तपासणी करणे हे त्याचे काम. मिसुरी सिनड स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देत नाही, पण डीसीई स्त्री-पुरुष दोघेही होतात. दुसरी मोठी संस्था, इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, हिची व्यवस्था वेगळी आहे. तिने २०१६ मध्ये आपले सेवकांचे तीन वेगवेगळे गट एकत्र करून त्यांना ‘डीकन’ हे एकच नाव दिले आणि शिक्षणाचे काम करणारेही त्यातच आले. येथे आम्ही मिसुरी सिनडच्याच पद्धतीबद्दल बोलत आहोत, कारण कॉलेजच्या वयात तयारी सुरू करण्याची घडी तिथे सर्वांत पक्की बसली आहे.

अभ्यासक्रमाचे थोडक्यात सांगतो. जुना करार, नवा करार, लुथरन सिद्धांत, १५३० चा ऑग्सबर्ग कबुलीजबाब (म्हणजे आपण काय मानतो याची जाहीर मांडणी) आणि १५८० च्या ‘बुक ऑफ कॉन्कॉर्ड’मधील इतर कबुलीजबाब, मंडळीचा इतिहास ही एक बाजू. वयानुसार मन कसे वाढते, अध्यापनाच्या पद्धती, तरुणांचे, कुटुंबांचे आणि प्रौढांचे शिक्षण, कार्यालयीन कारभार ही दुसरी. अंदाजपत्रक कसे मांडायचे आणि शिबिराच्या बसचा विमा कोणी उतरवायचा, हेही शिकावे लागते. धर्मविद्यालयात शिकलेल्या माणसाला हे क्षुल्लक वाटते, पण बस बंद पडल्यावर फोन कोणाला येतो ते त्यालाही ठाऊक असते.

कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणून या कार्यक्रमाला मिळाला असे होत नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वेगळा अर्ज, शिफारसपत्रे आणि मुलाखत असते. त्या मुलाखतीचा खरा उपयोग ‘नाही’ म्हणता यावे यासाठी आहे. शिबिरात रडून आलेला, गिटार वाजवणारा, मुलांचा लाडका दादा हा प्रत्येक तुकडीत असतोच. त्याला विचारतात: गेल्या वर्षभरात कोणते काम कंटाळा आला तरी पूर्ण केलेस? मुलांना तू आवडतोस हे कळले. आता असा एक धडा सांग, ज्यात तू न आवडण्याची तयारी ठेवली होतीस. पुष्कळ जण इथेच अडखळतात, आणि चौथ्या वर्षी अडखळण्यापेक्षा ते बरे.

आता वर्गात काय शिकवतात याचा एक नमुना. लुथरन शिक्षणाची कसोटी नियमशास्त्र आणि सुवार्ता यांतला फरक ओळखणे ही आहे. मिसुरी सिनडचे पहिले अध्यक्ष वॉल्थर यांनी १८८४-८५ मध्ये सेंट लुईसला शुक्रवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांसमोर याच एका विषयावर व्याख्याने दिली. फरक कागदावर सोपा आहे. नियमशास्त्र सांगते ‘तू हे कर’. सुवार्ता सांगते ‘तुझ्यासाठी हे केले आहे’. पोरांसमोर उभे राहिले की मात्र तो हातातून निसटतो. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या श्रीमंत जकातदार जक्कयाचा धडा घ्या. बहुतेक नवशिके शिक्षक तो असा संपवतात: ‘जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, मग आपणही आपला डबा मित्राला द्यायचा, हो ना?’ मुले ‘हो’ म्हणतात, रंगीत कागदाचे उंबराचे झाड चिकटवतात आणि घरी जातात. लूकच्या १९ व्या अध्यायात मात्र क्रम उलटा आहे. येशू झाडाखाली थांबतो, त्याला नावाने हाक मारतो, ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ म्हणतो, आणि हे सगळे जक्कयाने एक पैसाही परत करण्याआधी. चौपट परतफेडीचे बोलणे नंतरचे. विद्यार्थ्याने लिहून आणलेल्या धड्यावर मार्गदर्शक लाल शाईने विचारतो: ‘पहिले पाऊल कोणी टाकले?’ धडा पुन्हा लिहायचा. असे दहा-बारा धडे लाल होऊन परत आले की हात वळतो.

दुसरा नमुना दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या, म्हणजे वाढत्या वयात आपला विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याच्या तयारीच्या) वर्गाचा. तिकडे हा वर्ग बहुधा सातवी-आठवीच्या मुलांचा, दोन वर्षांचा असतो. पाया ल्यूथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीचा. सॅक्सनीतील मंडळ्यांची पाहणी करताना लोकांना, आणि कित्येक पाळकांनाही, प्रभूची प्रार्थनासुद्धा धड येत नाही हे पाहून त्याने ती लिहिली. तिचे मुख्य भाग सहा: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन. प्रत्येक वचनाखाली एकच प्रश्न, ‘याचा अर्थ काय?’, आणि त्याचे तोंडपाठ करण्याजोगे उत्तर.

समजा आठवी आज्ञा आहे, खोट्या साक्षीची. (मराठी वाचकाने इथे थबकावे. आपल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही नववी आज्ञा. लुथरन आणि कॅथलिक मूर्तींचे वचन पहिल्या आज्ञेतच धरतात आणि लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात, त्यामुळे मधले सगळे आकडे एकाने सरकतात. लुथरन पुस्तक जसेच्या तसे आणून वर्गात ठेवले, तर ‘पाचवी आज्ञा म्हण’ म्हटल्यावर अर्धा वर्ग आईबापांचा मान सांगेल आणि पुस्तकात खून निघेल.) ल्यूथरचे स्पष्टीकरण असे की शेजाऱ्याबद्दल खोटे बोलू नये, त्याचा विश्वासघात करू नये, बदनामी करू नये, इतकेच पुरे नाही, त्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगले बोलावे आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा.

पन्नास मिनिटांचा वर्ग घ्या. पहिली पाच मिनिटे मागच्या आठवड्याचे पाठांतर जोडीजोडीने, शिक्षकाने एकेकाला उभे करून नाही, कारण तोतरे बोलणारे मूल दुसऱ्या आठवड्यापासून येत नाही. पुढची दहा मिनिटे एक प्रसंग: वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी एका मुलीचा अर्धवट फोटो टाकला आहे, खाली चार हसणारे चेहरे. कोणी काय केले, कोण गप्प राहिले, हे मुलांनीच फळ्यावर मांडायचे. मग पंधरा मिनिटे ल्यूथरच्या वाक्याला भिडायचे: ‘चांगल्यात चांगला अर्थ लावणे’ म्हणजे खोटे बोलून झाकणे का? इथे वर्ग तापतो, आणि शिक्षकाने उत्तर देण्याची घाई केली तर थंड होतो. दहा मिनिटे ख्रिस्तावर, ज्याच्याविरुद्ध खोटे साक्षीदार उभे राहिले आणि ज्याने तुमची-आमची बाजू घेतली. शेवटची दहा मिनिटे एक वाक्य वहीत, एक प्रार्थना, आणि घरी आईबाबांना विचारायचा एक प्रश्न. हा शेवटचा प्रश्न गाळला तर ल्यूथरचे अर्धे पुस्तकच गाळल्यासारखे होते, कारण कुटुंबप्रमुखाने घरच्यांना कसे शिकवावे हे त्याने त्या भागांच्या मथळ्यांतच लिहून ठेवले आहे.

असा वर्ग कागदावर आखायला दोन तास लागतात, घ्यायला पन्नास मिनिटे, आणि तो कुठे फसला हे समजायला दुसरा माणूस मागच्या बाकावर बसलेला लागतो. इथून पुढची गोष्ट त्या मागच्या बाकाची आहे.

कॉलेज चालू असतानाच विद्यार्थ्याला जवळच्या मंडळीत आठवड्याला काही तास काम दिलेले असते. सुरुवातीला शिकवायचे नाही, नुसते पाहायचे. किती प्रश्न शिक्षकाने विचारले, किती मुलांनी. हात वर केलेले कोणते मूल तीनदा दुर्लक्षित राहिले. गोष्ट किती मिनिटांनी सुरू झाली. उत्साही पोरांना हे पाहणे जाचते. पण पाहण्याचे तास न भरता उभा राहिलेला शिक्षक पुढे दहा वर्षे स्वतःच्या शब्बाथ शाळेच्या बाईंची नक्कल करत राहतो.

मग बारा महिन्यांची इंटर्नशिप. पूर्ण वेळ, एका मंडळीत, बहुधा घरापासून दूर. मंडळी मानधन देते आणि राहण्याचे पाहते. बाराच का, सहा का नाहीत, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, म्हणून कारण सांगतो. तिकडे नवे शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्याआधी उन्हाळ्यात शिक्षक गोळा करायचे असतात. नोव्हेंबरअखेर आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), मग नाताळचा कार्यक्रम, जानेवारीत उत्साहाची ओहोटी, उपवासकाळ (लेंट), पुनरुत्थानदिन (ईस्टर), दृढीकरण, आणि जून-जुलैत सुट्टीतली बायबल शाळा. सहा महिन्यांचा इंटर्न एक तर पेरणी पाहतो नाही तर कापणी. जूनमध्ये दहा जणांकडून ‘हो, शिकवतो’ वदवून घेणे सोपे असते. फेब्रुवारीत त्यांतले किती उरले आणि जे गेले ते का गेले, याला तोंड द्यायला त्याच माणसाने फेब्रुवारीत तिथे असावे लागते. मंडळीचे अंदाजपत्रक सभेत मांडताना आपली रक्कम निम्मी होताना बघणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

इंटर्नशिपच्या आरंभी एक करारपत्र होते. त्यावर इंटर्न, मंडळीतला पर्यवेक्षक आणि विद्यापीठातला मार्गदर्शक सह्या करतात. त्यातली उद्दिष्टे मोजता येतील अशी लागतात. ‘तरुणांमध्ये काम करणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘३१ जानेवारीपर्यंत चार प्रौढांना दृढीकरणाच्या वर्गात शिकवण्यासाठी तयार करणे, प्रत्येकाने दोन धडे स्वतः घ्यावेत, दोन्ही वेळा मागे बसून लेखी टिपण देणे’ हे उद्दिष्ट. फरक पाहा: दुसऱ्यात इंटर्न स्वतः शिकवतच नाही, शिकवणारे तयार करतो. डीसीईच्या कामाचा गाभा हाच आहे. पन्नास मुलांना एकटा शिकवणारा पगारी शिक्षक मंडळीने ठेवला, तर तो ज्या दिवशी जातो त्या दिवशी शब्बाथ शाळेला कुलूप लागते.

आणि आठवड्याचा एक तास. ठरलेला वार, ठरलेली वेळ, बंद दार, फोन बाजूला. त्या तासात कार्यक्रमांची यादी वाचायची नसते. त्यासाठी कार्यालयाची बैठक वेगळी. पर्यवेक्षक विचारतो: या आठवड्यात किती तास काम केलेस? सुट्टीचा दिवस घेतलास का? कोणत्या धड्यात तुला वाटले की पकड सुटली? कोणावर राग आला? स्वतः वचन वाचलेस का, की फक्त धड्यासाठी वाचलेस? मग गेल्या रविवारी त्याने पाहिलेल्या एका वर्गाबद्दल दोन गोष्टी, एक जमलेली आणि एक फसलेली. बस्स.

बिघडते ते याच तासापासून. पहिल्या महिन्यात तास होतो. दुसऱ्यात पाळकाकडे अंत्यविधी येतो आणि तास पुढे जातो. चौथ्यात ‘जाता-येता बोलतोच की आपण’ असे होते. सहाव्यात इंटर्न आठवड्याला साठ तास राबत असतो आणि कोणालाच त्याचा पत्ता नसतो, कारण विचारण्याची वेळच उरलेली नाही. वर्षअखेर तो ‘थकलो’ म्हणून विमा कंपनीत नोकरी धरतो, आणि मंडळी म्हणते, आजकालच्या मुलांत समर्पणच नाही.

इतरही खड्डे आहेत. मंडळीने इंटर्न मागितला तो स्वस्तात माणूस मिळतो म्हणून. मग झेरॉक्स, प्रोजेक्टर, खुर्च्या लावणे हेच त्याचे वर्ष. किंवा त्याला फक्त तरुण संघ दिला जातो, प्रौढांचा एकही वर्ग नाही. वर्षानंतर त्याला पंधरा वर्षांच्या मुलांशी बोलता येते, त्यांच्या बापांशी नाही. मिसुरी सिनडचा राष्ट्रीय तरुण मेळावा १९८० पासून दर तीन वर्षांनी होतो. चांगलाच कार्यक्रम आहे, पण काही मंडळ्यांत डीसीईची किंमत मेळाव्याला किती मुले नेली यावरून होऊ लागते. कधी वर्षाच्या मध्येच पाळक बदलतो आणि इंटर्न बिनआईबापाचा होतो. अशा वेळी विद्यापीठाने त्याला उचलून दुसरीकडे नेण्याची तरतूद करारातच हवी. आणि सर्वांत गोड खड्डा: इंटर्न सगळ्यांना आवडतो. आवडत्या माणसाला कोणी खरे सांगत नाही.

वर्ष पार पडले की प्रमाणपत्र, आणि मग मंडळीचे पाचारण. ‘जाहिरात, मुलाखत, रुजू’ असा तो मामला नाही. मंडळी पाचारण करते, उपासनेत नेमणूक होते आणि त्याचे नाव सिनडच्या सेवकांच्या यादीत चढते. त्यामुळे पद टिकाऊ होते. पगार मात्र मोठा नसतो, आणि चार-पाच वर्षांच्या खासगी विद्यापीठाच्या शुल्काचे कर्ज डोक्यावर असते. ही व्यवस्था तिकडेही सुखरूप नाही. १९०५ मध्ये सुरू झालेले पोर्टलंडचे कॉन्कॉर्डिया २०२० मध्ये बंद पडले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कजवळचेही. तेव्हा ‘अमेरिकेत सगळे छान चालते’ या सुरात कोणी बोलू नये.

भारताचा संबंध जुना आहे. १७०६ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील त्रांकेबारला उतरलेल्या त्सीगनबाल्ग या जर्मन लुथरन मिशनऱ्याने पाळकांच्या आधी प्रश्नोत्तरी शिकवणारे स्थानिक लोक तयार केले. १७३३ मध्ये दीक्षा मिळालेले पहिले भारतीय प्रॉटेस्टंट पाळक आरोन हे आधी असेच शिक्षक होते. मिसुरी सिनडचे काम १८९५ मध्ये तमिळनाडूतील कृष्णगिरीला सुरू झाले आणि त्यातून पुढे इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्च उभे राहिले. मुंबईत तमिळ बोलणाऱ्या लुथरन मंडळ्या आहेत. मराठी लुथरन मात्र हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. आपल्या मराठी मंडळ्या बहुतेक चर्च ऑफ नॉर्थ इंडियातल्या, जे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाले. त्यामुळे लुथरनांचे सिद्धांताचे पुस्तक आपल्याला जसेच्या तसे चालणार नाही (आज्ञांच्या आकड्यांपासूनच ठेच लागते), आणि ते आणायची गरजही नाही. बायबल आणि सिद्धांताचा भाग ज्यांना पद्धतशीर हवा त्यांच्यासाठी बंगालमधील सेरामपूरच्या ईश्वरविज्ञान विद्यापीठाचा बाहेरून करता येणारा बी. सी. एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) आहे. इथे नाही तो मागचा बाक.

आपल्याकडचा पदवीचा विद्यार्थी वर्षभर पूर्ण वेळ देऊ शकत नाही. पण शनिवारी तीन तास, रविवारी चार तास आणि आठवड्यात एक तास पर्यवेक्षकाबरोबर, असे आठ तास तो देऊ शकतो. सेमिस्टर परीक्षांचे चार आठवडे सोडले तर ४८ आठवड्यांत ३८४ तास होतात. कमी नाहीत. वर्ष जूनला सुरू करावे, म्हणजे नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानदिन आणि मे महिन्यातली व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) हे सगळे एकाच माणसाच्या वाट्याला येते. पहिले आठ रविवार फक्त पाहणे. ऑगस्टपासून महिन्यातून दोन धडे, आणि दोन्ही लेखी. दिवाळीनंतर त्याने मंडळीतली दोन मोठी माणसे हाताशी घेऊन त्यांना शिकवायला शिकवावे. त्यांतली एक आई किंवा बाप असावा, कारण कॉलेजची मुले कॅम्पस इंटरव्ह्यूत पुण्या-बंगळूरूला निघून जाणार हे धरूनच चालावे लागते. मागे राहतात ते आईबापच.

एका मंडळीत एकच विद्यार्थी ठेवू नये, दोन ठेवावेत. एकट्याला कमिटी गिळते. शिवाय कोणताही वर्ग दोन मोठ्या माणसांशिवाय चालू नये, दार उघडे किंवा काचेचे असावे, आणि मुलाला एकट्याला दुचाकीवरून सोडायला कोणी जाऊ नये. अमेरिकेत इंटर्नची पार्श्वभूमी तपासल्याशिवाय त्याला वर्गात पाऊल टाकू देत नाहीत. आपल्याकडे ‘आपल्याच मंडळीचा मुलगा आहे’ ही तपासणी समजली जाते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न सांगणे हाच गुन्हा आहे; हे पहिल्याच शनिवारी विद्यार्थ्यांना आणि पास्टोरेट कमिटीला (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला) एकत्र बसवून सांगावे. ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणणारा एक तरी ज्येष्ठ त्या बैठकीत असतोच. त्याच्यासमोरच सांगितलेले बरे.

मानधनाचा विषय निघाला की आपल्याकडे ‘सेवा म्हणून करायचे’ असे उत्तर येते. सेवाच आहे. पण बसभाडे, पुस्तके आणि महिन्याची एक ठरलेली रक्कम, मग ती कितीही लहान का असेना, खजिनदाराच्या वहीत नोंदली गेली पाहिजे. पैसे थोडे असले तरी नोंद झाली की मंडळीच्या वार्षिक सभेत कोणीतरी विचारते, ‘या मुलाने वर्षभर काय केले?’ फुकटच्या माणसाबद्दल हा प्रश्न कोणी विचारत नाही.

राहता राहिला पर्यवेक्षक. आपले पाळक तीन-तीन, चार-चार ठिकाणच्या उपासना सांभाळतात. आठवड्याचा ठरलेला तास त्यांना परवडणार नाही हे उघड आहे. पण प्रत्येक मोठ्या मंडळीत निवृत्त शिक्षिका आहेत, मुख्याध्यापक आहेत, बी. एड. कॉलेजात पाठनिरीक्षणाच्या वह्या भरलेले प्राध्यापक आहेत. मागच्या बाकावर बसून टिपण काढणे हे त्यांनी आयुष्यभर केले आहे. आज त्यांना नाताळाच्या नाटकाचे कपडे शिवायला बोलावतात. म्हणून आमचे म्हणणे असे की जूनला वर्ष सुरू करायचे असेल तर जानेवारीत विद्यार्थ्यांचे अर्ज मागवू नयेत, पर्यवेक्षकांचे मागवावेत. त्यांना दोन शनिवार एकत्र बोलवावे. पहिल्या शनिवारी प्रत्येकाला एकच धडा दाखवावा, त्यावर एका पानाचे टिपण लिहायला लावावे आणि ती टिपणे एकमेकांसमोर वाचावीत. दुसऱ्या शनिवारी तो तास कसा घ्यायचा याची जोडीने तालीम. आणि उठण्यापूर्वी प्रत्येकाने आपला वार आणि वेळ कमिटीच्या सचिवांकडे लिहून द्यावी. जितके वार कागदावर येतील तितकेच विद्यार्थी घ्यावेत.

आपले,
मंडळ्यांतील शिक्षणकामात असलेले काही वाचक, पुणे